हत्तीची तक्रार कोण सांगणार? अरबी नाटकं इंग्रजीतून वाचताना

राजाचा एक लाडका हत्ती आहे आणि तो गावात मोकाट फिरतो. कुणाचं घर पाडतो, कुणाचं शेत तुडवतो, आणि एक दिवस गल्लीत खेळणाऱ्या एका पोराला चिरडून टाकतो. लोक जमतात, हळहळतात, "राजाचा हत्ती आहे बाबा, बोलायचं कुणी" म्हणतात. त्यांच्यातला झकरिया नावाचा एकजण म्हणतो की असं नाही चालणार, सगळे मिळून राजाकडे जाऊ. मग चक्क तालीम होते. मी म्हणणार "हत्ती, महाराज" आणि तुम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं की त्यानं पोर मारलं, त्यानं घरं पाडली. तालीम झकास होते. मग दरबार, पहारेकरी, गालिचे, आणि समोर राजा. झकरिया म्हणतो, "हत्ती, महाराज..." मागून आवाज नाही. परत म्हणतो, परत शांतता. गर्दीतली एक लहान मुलगी तेवढी बोलायला तोंड उघडते, तर तिची आई पटकन तिच्या तोंडावर हात ठेवते. राजा वैतागलाय, काय हत्ती हत्ती लावलंय, बोल की! झकरिया मागे बघतो तर सगळ्यांच्या माना खाली. मग तो वळतो आणि म्हणतो, महाराज, आमचं हत्तीवर इतकं प्रेम आहे की तो असा एकटा फिरतो हे आम्हाला बघवत नाही, तुम्ही त्याचं लग्न लावून द्या म्हणजे त्याला पोरंबाळं होतील, शंभर हत्ती होतील, हजार होतील.

राजा खूश! इथे नट आपली भूमिका सोडून सरळ प्रेक्षकांकडे बघतात आणि विचारतात, ही गोष्ट होती, आता हत्ती का असतात आणि का वाढतात ते कळलं का तुम्हाला?

हे १९६९ चं नाटुकलं आहे, सादल्लाह वन्नूस या सीरियन नाटककाराचं, आणि अरबी नाटकाबद्दल काहीही माहीत नसलेल्या माणसाला मी आधी हेच सांगतो, कारण समकालीन अरबी नाटक म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर एकतर वाळवंट येतं नाहीतर बॉम्बस्फोट, आणि इथे तर साधा प्रश्न आहे की तोंड कोण उघडणार. या सगळ्या परंपरेत हिरो शोधायला गेलात तर सापडत नाही. खरं मुख्य पात्र असतं ते खुर्चीत बसलेलं, तिकीट काढून आलेलं, म्हणजे प्रेक्षक. आणि म्हणूनच ही नाटकं इंग्रजीत गेली की त्यांचं काहीतरी विचित्र होतं, त्याबद्दलच आज लिहायचंय.

आधी थोडा इतिहास, पटकन. आधुनिक अरबी नाटकाची सुरुवात साधारणपणे मारून अन-नक्काश या बैरुतच्या व्यापाऱ्यापासून धरतात, त्यानं १८४७ च्या सुमाराला स्वतःच्या घरात मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या धर्तीवरचं एक कंजूष माणसाचं नाटक केलं, गाणीबिणी घालून. आपल्याकडे सांगलीत विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर' १८४३ चं, म्हणजे आपण चार वर्षं पुढे (उगाच छाती फुगवून घ्यायला बरं). मग दमास्कसमध्ये अबू खलील अल-कब्बानी नावाच्या माणसानं थिएटर काढलं, धर्मगुरूंनी थेट इस्तंबूलच्या सुलतानाकडे तक्रार केली, थिएटर बंद पडलं आणि तो इजिप्तला गेला. म्हणजे हत्तीबद्दल तक्रार करायची तर कुणाला आवाज फुटत नाही पण नाटकाबद्दल तक्रार लगेच पोचते, हे तिथेही तसंच. त्यानंतर इजिप्तमध्ये तौफीक अल-हकीमनं नाटकाला साहित्य म्हणून मान मिळवून दिला. पण आपण ज्याला समकालीन म्हणतो ते खरं सुरू होतं १९६७ पासून.

५ जून १९६७. इस्राएलबरोबरचं युद्ध सहा दिवसांत संपलं आणि सिनाई, गाझा, वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम, गोलान टेकड्या सगळं अरब देशांच्या हातून गेलं. रेडिओवर मात्र पहिले काही दिवस आपणच जिंकतोय असं चालू होतं. जो माणूस रेडिओ ऐकत होता आणि विश्वास ठेवत होता त्याच्यासाठी हा धक्का जमीन जाण्यापेक्षा मोठा होता, कारण एवढी वर्षं आपल्याला काय सांगितलं जात होतं आणि आपण का ऐकून घेत होतो हा प्रश्न आला. वन्नूस तेव्हा पंचवीस-सव्वीसचा, पॅरिसमध्ये नाटकाचं शिकत होता. त्यानं लिहिलेलं नाटक असं की पडदा उघडतो आणि डायरेक्टर येऊन सांगतो, सॉरी, आजचं नाटक होऊ शकत नाही. मग तो स्वतःची बाजू मांडायला लागतो, लेखकाशी त्याचं भांडण होतं, आणि हळूहळू प्रेक्षकांतून माणसं उठतात, अर्थात नटच, पण आधी कळत नाही, त्यात घरदार सोडून आलेले खेडूत असतात, ते म्हणतात आमच्याबद्दल बोलताय ना, मग आम्हाला विचारा की गाव सोडताना काय झालं. वाद पेटतो आणि शेवटी तिथे बसलेला सरकारी माणूस सगळ्या प्रेक्षकांनाच अटक करायला लावतो. सीरियात हे नाटक काही वर्षं होऊच दिलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता इथे ब्रेख्त आठवला असेल, प्रेक्षकाला गोष्टीत वाहून न जाऊ देता विचार करायला लावणारा जर्मन नाटककार, तर बरोबर आहे. वन्नूसनं ब्रेख्त वाचला होता, आपल्याकडेही त्याच काळात तो पोचला होता, पुलंनी त्याच्या नाटकावरून 'तीन पैशाचा तमाशा' केलाच की. गंमत म्हणजे तमाशा हा शब्दच मुळात अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलाय. दोन्हीकडच्या लोकांच्या लक्षात आलं की प्रेक्षकाला जागं ठेवायचं तर युरोपातून काही आणायची गरज नाही, आपल्या घरात जुनं आहेच. आपल्याकडे दशावतार, तमाशा, कीर्तन. त्यांच्याकडे हकवाती. हकवाती म्हणजे कॉफीहाउसमध्ये बसून रोज रात्री मोठमोठ्या शूरवीरांच्या गोष्टी सांगणारा माणूस (हा शब्द गोष्टीवरून आलाय, आपल्या 'हकिकत'शी त्याचं नातं नाही, ती वेगळ्या मुळाची, मी स्वतः बरीच वर्षं घोळ करायचो).

त्या हकवातीला घेऊन वन्नूसनं जे नाटक लिहिलं ते माझ्या मते त्याचं सगळ्यात चलाख नाटक, मम्लूक जाबिरच्या डोक्याची गोष्ट. मम्लूक म्हणजे गुलाम, ज्याचा कुणीतरी मालक आहे तो, शब्दाचं मूळ एकच. कॉफीहाउसमध्ये गिऱ्हाईकं बसलीत, चहा पितायत, त्यांना हकवातीकडून विजयाची गोष्ट हवीय, सुलतान बैबर्सची वगैरे. हकवाती म्हणतो नाही, गोष्टी क्रमानं येतात, त्याच्या आधीची बाकी आहे. मग बगदादची गोष्ट सुरू होते, खलिफा आणि वजीर यांचं भांडण, शहराचे दरवाजे बंद, बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची झडती. वजिराला परक्या राजाला पत्र पाठवून सैन्य बोलवायचंय पण पत्र न्यायचं कसं? जाबिर नावाचा हुशार गुलाम म्हणतो, माझं डोकं भादरा, कातडीवर मजकूर लिहा, केस वाढले की मी निघतो. बदल्यात त्याला हवं असतं पद, पैसा आणि त्याची आवडती बाई. प्लॅन परफेक्ट. फक्त डोक्यावर काय लिहिलंय ते त्याला स्वतःला दिसत नाही, आणि मजकुराची शेवटची ओळ अशी की हे वाचून झाल्यावर आणणाऱ्याला मारून टाका, म्हणजे गुपित गुपित राहील.

पण नाटकाचा खरा जीव जाबिरमध्ये नाहीये. तो आहे बेकरीसमोरच्या रांगेत उभ्या असलेल्या बगदादच्या साध्या लोकांमध्ये. वर कोण कुणाशी भांडतंय, आपल्याला काय, आपल्याला भाकरी मिळाली की झालं. ते एक म्हण सतत वापरतात, आमच्या आईशी जो लग्न करेल त्याला आम्ही काका म्हणू. आपण म्हणतो ना, आपण बरं आपलं काम बरं, तेच, फक्त त्यांच्या म्हणीत अपमान गिळण्याची चव जास्त आहे. आणि शेवटी सैन्य येतं ते याच लोकांच्या घरात शिरतं.

हे १९७१ च्या आसपासचं. पुढच्याच वर्षी पुण्यात 'घाशीराम कोतवाल' आलं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण युक्ती बघा सारखीच, जुना काळ घ्यायचा, लोकनाट्याचा बाज घ्यायचा, आणि आज सत्ता कशी चालते ते दाखवायचं. फरक एवढाच की तेंडुलकरांवर चिडलेले लोक मोर्चे काढू शकत होते, कोर्टात जाऊ शकत होते, आणि नाटक तरीही चालू राहू शकत होतं. दमास्कसमध्ये तेवढी जागा नव्हती, म्हणून तिथलं नाटक जास्त तिरकं बोलतं.

आता भाषांतराकडे येऊ, कारण गाठ इथेच आहे. अरबी ही एक भाषा नाही, निदान नाटकवाल्यासाठी तरी. एक आहे फुसहा, म्हणजे पुस्तकाची, बातम्यांची, भाषणांची अरबी, मोरोक्कोपासून इराकपर्यंत शिकलेल्याला समजते, पण ती घरात कुणीच बोलत नाही, कुणाचीच ती मातृभाषा नाही. दुसरी आम्मिया, लोकांची रोजची बोली, आम जनतामधला 'आम' तोच. ती प्रत्येक देशात वेगळी, कैरोची वेगळी, अल्जियर्सची तर एवढी वेगळी की सीरियन माणूस डोकं खाजवेल. आपल्याला वाटेल की प्रमाण मराठी आणि मालवणी-अहिराणी असंच झालं की, पण नाही, पुण्यात कुणीतरी प्रमाण मराठीत भाजी घेतं, फुसहात भाजी कुणीच घेत नाही. मग स्टेजवरचा रिक्षावाला कशात बोलणार? फुसहात बोलला तर खोटा वाटतो, आम्मियात बोलला तर नाटक बाहेरच्या देशात कळत नाही आणि पंडित म्हणतात हे साहित्यच नाही. तौफीक अल-हकीमनं यावर १९५६ साली एक जुगाड केला, त्याला त्यानं तिसरी भाषा म्हटलं, वाक्यं अशी रचायची की व्याकरणाचे प्रत्यय लावून वाचलं तर फुसहा आणि ते गिळून बोललं तर बोली. आयडिया भन्नाट होती, पण सगळ्यांनी काही ती उचलली नाही.

आणि इंग्रजीत काय होतं? सगळं सपाट. राजा, गुलाम, कॉफीवाला, सगळे एकाच स्वच्छ इंग्रजीत बोलतात. बोलीतला माणूस अचानक फुसहात शिरला की अरबी प्रेक्षकाला लगेच कळतं की हा आता सरकारी झाला, किंवा घाबरला, किंवा आव आणतोय. तो विनोद, तो धोका, दोन्ही इंग्रजीत उरत नाही. याचं सगळ्यात छान उदाहरण इजिप्तच्या लेनिन अर-रामलीचं (हो, खरंच लेनिन नाव होतं), १९९१ चं नाटक. लंडनमध्ये शिकणारी वेगवेगळ्या अरब देशांतली पोरं, त्यातला पॅलेस्टिनी मुलगा गायब होतो, आणि बाकीचे सगळे अरब ऐक्याची भाषणं ठोकत त्याला शोधायचं सोडून एकमेकांवर घसरतात. नावाचा अर्थ होतो स्पष्ट अरबीत सांगायचं तर, म्हणजे आपलं स्वच्छ मराठीत सांगायचं तर. पण त्या 'स्पष्ट'साठीचा अरबी शब्द आणि फुसहा हा शब्द एकाच मुळाचे आहेत, म्हणजे टोमणा भाषेलाच आहे, की आपली ही सामाईक भाषा फक्त भाषणं करण्यापुरती उरलीय. इंग्रजीत 'प्लेन अरेबिक' म्हटलं की अर्धा टोमणा विमानतळावरच राहिला.

एकेका शब्दावरही हेच. १९९६ साली जागतिक रंगभूमी दिनाचा संदेश वन्नूसनं लिहिला, तो लिहिणारा तो पहिला अरब, तेव्हा त्याला कॅन्सर होता आणि त्याला ते माहीत होतं. त्यातलं एक वाक्य आज अरब जगात भिंतींवर लिहिलेलं असतं, त्यात शब्द येतात 'महकूमून बिल-अमल'. अमल म्हणजे आशा. महकूम म्हणजे ज्याच्यावर हुकूम चाललाय तो. आता हुकूम आपल्याला शिकवायला नको, हुकूम, हाकीम, हुकूमत सगळं त्याच मुळातून आपल्या भाषेत आलंय. तर त्या शब्दात शिक्षा झालेला कैदीही आहे आणि राज्य सहन करणारी रयतही आहे. इंग्रजीवाले कुणी कंडेम्ड म्हणतात, कुणी डूम्ड, येल युनिव्हर्सिटी प्रेसनं २०१९ ला त्याच्या निवडक नाटकांचं जे पुस्तक काढलं, रॉबर्ट मायर्स आणि नादा साब यांच्या भाषांतराचं, त्याच्या नावात सेंटेन्स आहे. मला मराठीत "आपल्याला आशेची शिक्षा झालीय" असं सुचतं, पण मग रयत सुटते. "आपल्यावर आशेचा हुकूम आहे" म्हटलं तर कैदी सुटतो. बसा डोकं खाजवत.

सामाजिक विषय म्हणाल तर भीती हा एक झाला. दुसरा मोठा म्हणजे बाईचं शरीर आणि घराण्याची अब्रू, आणि त्यात वन्नूसचंच १९९४ चं नाटक घ्यावं लागेल, ज्याला इंग्रजीत 'रिच्युअल्स ऑफ साइन्स अँड ट्रान्सफॉर्मेशन्स' म्हणतात. एकोणिसाव्या शतकातलं दमास्कस. मोठ्या धार्मिक घराण्यातला एक प्रतिष्ठित माणूस एका गणिकेबरोबर मजा करताना पकडला जातो, तुरुंगात टाकतात. शहराचा मुफ्ती, म्हणजे धर्माचे निवाडे देणारा मोठा माणूस, त्याचा वैरी, पण त्याला वाटतं अशानं आपल्या सगळ्या वर्गाचीच अब्रू जाईल, म्हणून तो एक शक्कल काढतो, रातोरात कोठडीतली गणिका बाहेर काढायची आणि तिच्या जागी त्या माणसाची खरी बायको ठेवायची, म्हणजे सकाळी म्हणता येईल की नवरा-बायकोच तर होते. बायकोचं नाव मोमिना, म्हणजे श्रद्धा असलेली. ती म्हणते ठीक आहे, येते, पण मोबदल्यात मला घटस्फोट हवा. आणि तो मिळाल्यावर ती घरी परत न जाता गणिका व्हायचं ठरवते, अलमासा हे नाव घेते. अख्खं शहर हलतं, मुफ्ती स्वतः तिच्या प्रेमात पडतो, समलिंगी प्रेमाचं एक उपकथानक आहे तेही तितक्याच गंभीरपणे येतं. शेवटी भाऊ तिला मारायला येतो तेव्हा ती त्याला म्हणते की मी आता एक गोष्ट झालेय आणि गोष्टीला मारता येत नाही.

२०१३ साली हे नाटक पॅरिसच्या कॉमेदी फ्रान्सेजमध्ये झालं. १६८० पासूनच्या त्या थिएटरच्या यादीत शिरलेलं हे पहिलं अरबी नाटक, दिग्दर्शक कुवेतचा सुलेमान अल-बस्साम. तिथल्या प्रेक्षकाला ही बिचाऱ्या अरब बाईची कहाणी वाटायचा धोका आहे ना, तो मला सारखा टोचतो. कारण वन्नूस मोमिनाकडे दयेनं बघतच नाही. तो बघतोय त्या शहराकडे, जे आधी खोटी अब्रू वाचवायला तिला कोठडीत पाठवतं आणि मग ती खरं वागायला लागली की हादरतं. दमास्कसच्या प्रेक्षकाला नाटक म्हणत होतं "तू". पॅरिस-लंडनच्या प्रेक्षकाला ते ऐकू येतं "ते". सर्वनामच बदललं की हो!

आणि हे फक्त बघण्यात होत नाही, निवडीतही होतं. इंग्रजीत काय येतं हे लंडन-न्यूयॉर्कला काय बघायचंय त्यावर बरंच ठरतं, म्हणून २०११ ला अरब देशांत उठाव झाले त्यानंतर युद्ध आणि निर्वासित हे विषय भराभर आले आणि अर-रामलीसारख्यांची कॉमेडी तेवढी नाही आली. अर्थात आलेल्यांत वाईटच आहे असं मुळीच नाही. लिवा याझजीचं 'गोट्स', लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये २०१७ ला झालं, कॅथरिन हॉल्सच्या भाषांतरात, स्टेजवर खऱ्या शेळ्या होत्या. सीरियातलं एक छोटं गाव, तरुण पोरांच्या शवपेट्या येतायत, आणि सरकार प्रत्येक शहीद पोरामागे घरटी एक शेळी देतंय. हे लेखिकेच्या मनाचं नाही, अशी योजना तिथे खरंच निघाली होती. एक म्हातारा शिक्षक म्हणतो, पेटी उघडा, आत माझाच मुलगा आहे का ते मला बघायचंय, आणि गावाला भीती वाटते की हा आता सगळ्यांना अडचणीत आणणार. वाचताना मला तर सरळ पन्नास वर्षांपूर्वीचा हत्तीच दिसला, फक्त आता जनावर राजाचं नाही, भरपाईचं आहे. त्याच रॉयल कोर्टमध्ये २०१५ ला पॅलेस्टिनी दालिया ताहाचं 'फायरवर्क्स' झालं, म्हणजे फटाके, एका इमारतीच्या जिन्यात खेळणारी अकरा-बारा वर्षांची दोन पोरं आणि त्यांचे आईबाप. बाहेर फटाके नाहीत हे पोरांना कळतं. आणि युद्ध खिडकीबाहेर राहत नाही, आईबापांची भीतीच घराची हवा खाऊन टाकते, असं ते नाटक.

एक गोष्ट मात्र आपल्याला जवळची आहे. कैरोच्या तहरीर चौकातल्या २०११ च्या क्रांतीनंतरच्या इजिप्शियन नाटकांचा इंग्रजी संग्रह २०१६ ला काढला तो कोलकात्याच्या सीगल बुक्सनं, ज्यांनी आळेकरांचं 'महानिर्वाण' इंग्रजीत आणलं तेच लोक. म्हणजे कैरो आणि पुणे एकमेकांना इंग्रजीतून, कोलकात्यात भेटतायत. थेट अरबीतून मराठीत हा रस्ता अजून फारसा वापरातच नाही, आणि तो असता तर हुकूम, मालक, आम हे शब्द फुकटात मिळाले असते.

अजून एक माणूस सांगायचा राहिला, अल्जेरियातल्या ओरानचा अब्देलकादर अलूला. १९७० च्या दशकात तो शेतकऱ्यांच्या वस्तीत नाटक घेऊन गेला तर लोक स्टेजसमोर रांगेत बसेचनात, नटांच्या भोवती गोल करून बसले, त्यामुळे नेपथ्य हळूहळू काढून टाकावं लागलं. काहीजण तर नटांकडे पाठ करून बसायचे. अलूलाला आधी कळेना, मग लक्षात आलं की ते नीट ऐकू यावं म्हणून पाठ करतायत, आणि नंतर त्यांना संवाद पाठ असायचे. तिथून त्यानं बघण्यापेक्षा ऐकण्याचं नाटक लिहायला सुरुवात केली. १९९४ च्या मार्चमध्ये, अल्जेरियातल्या यादवीच्या काळात, ओरानमध्ये त्याला गोळ्या घातल्या आणि काही दिवसांनी तो पॅरिसच्या हॉस्पिटलमध्ये वारला.

त्या शेतकऱ्यांमुळे मी एक करायला लागलोय, ही नाटकं मनात न वाचता मोठ्यानं वाचतो, आणि इंग्रजी वाक्य आलं की तिथल्या तिथे मराठीत बोलून बघतो, झकरिया आमच्या गावाकडच्या बोलीत, राजा अगदी पेपरच्या अग्रलेखाच्या मराठीत. इंग्रजीत जे सपाट झालंय ते थोडं थोडं परत वर येतं. तुम्हाला सुरुवात करायची असेल तर हत्तीपासूनच करा, अर्धा-पाऊण तास पुरतो, सातआठ जण जमवा आणि भूमिका वाटून घ्या. गर्दीची वाक्यं सगळ्यांना आवडतात, झकरियासाठी भांडणं होतात. त्या लहान मुलीला मात्र एकच वाक्य आहे आणि तेही अर्धवट, ते कुणी म्हणायचं हे आधीच ठरवून ठेवा.